पाराइबाकाठचे पोलाद : व्होल्टा रेडोंडाच्या राष्ट्रीय कारखान्याची वाटचाल

ब्राझीलची राष्ट्रीय पोलाद कंपनी ९ एप्रिल १९४१ रोजी स्थापन झाली. पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून तिला सारे जग सीएसएन म्हणून ओळखते. रिओ दि जानेरो राज्यात, पाराइबा दो सुल नदीच्या काठी व्होल्टा रेडोंडा येथे तिने उभारलेल्या कारखान्याचे उद्घाटन १२ ऑक्टोबर १९४६ रोजी झाले. दक्षिण अमेरिकेत खनिजापासून तयार पत्र्यापर्यंत सारे एकाच आवारात करणारा एवढा मोठा कारखाना त्याआधी उभा राहिला नव्हता. या घटनेला आता ऐंशी वर्षे होत आली. पोलादाच्या व्यवसायात आयुष्य घालवलेल्या आपल्या वाचकांना ही कथा सांगावीशी वाटते, कारण ब्राझीलने या कारखान्यापाशी जे प्रश्न सोडवले आणि जे सोडवायचे राहिले, त्यांतले बरेच आपल्या जमशेदपूर-भिलाईच्या ओळखीचे आहेत. राखेने भरलेला कोळसा, सरकारने ठरवलेले दर, कंपनीने वसवलेले गाव, आणि टनांचा आकडा वाढत असताना हजेरीपटावरची घटत गेलेली नावे.

ब्राझीलमध्ये लोखंड नव्हते असे कधीच नव्हते. मिनास जेराइस या प्रांताच्या नावातच खाणी आहेत. १८७६ मध्ये ओरो प्रेतो येथे खनिकर्म विद्यालय निघाले आणि फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी गोर्से याने ते नावारूपाला आणले. १९१० मध्ये स्टॉकहोमला भूशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली. तिथे मिनासच्या हेमटाइट साठ्यांची माहिती मांडली गेली आणि इंग्रज, अमेरिकन, जर्मन व्यापारी खाणींच्या जमिनी मिळवायला धावले. पर्सिव्हल फार्कर या अमेरिकन उद्योजकाने इताबिराच्या डोंगरासाठी १९२० मध्ये सरकारशी करार केला. खनिज बाहेर न्यायचे आणि बदल्यात देशात पोलाद कारखाना काढायचा, असा तो बेत होता. आर्तुर बेर्नार्देस यांच्यासारख्या मिनासच्या पुढाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. जवळजवळ वीस वर्षे वाद चालला आणि अखेर १९३९ मध्ये तो करारच रद्द झाला. त्या वीस वर्षांत देशाचे नुकसान झाले असे म्हणणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही. खनिज द्यायचे तर पोलाद देशात बनले पाहिजे, हा आग्रह याच वादात तावूनसुलाखून निघाला आणि पुढे व्होल्टा रेडोंडा त्याच आग्रहातून उभे राहिले.

तोवर देशात पोलाद बनत होते ते लाकडी कोळशावर. १९२१ मध्ये लक्झेंबर्ग-बेल्जियमच्या भांडवलातून बेल्गो-मिनेइरा ही कंपनी निघाली. आधी साबारा आणि नंतर मोन्लेवादे इथल्या तिच्या भट्ट्या जंगल तोडून केलेल्या कोळशावर चालत. लाकडी कोळसा गंधकाच्या दृष्टीने स्वच्छ, म्हणून त्यावरचे लोखंड उत्तम. पण तो ठिसूळ असतो. भट्टी उंच केली की वरच्या खनिजाच्या भाराने खालचा कोळसा चुरा होतो आणि वाऱ्याची वाट बुजते. त्यामुळे भट्टीचा आकार मर्यादेबाहेर वाढवता येत नाही. १९४० मध्ये साऱ्या ब्राझीलचे पोलाद उत्पादन दीड लाख टनांपर्यंतही पोचले नव्हते. रेल्वेचे रूळ, जहाजाचे पत्रे, डब्यांचा टिनपत्रा हे सगळे बोटीने येई. युद्ध सुरू झाले तशा बोटी कमी झाल्या.

गेतुलिओ वार्गास १९३० पासून सत्तेवर होते आणि १९३७ नंतर हुकूमशहा. त्यांची राजवट कठोर होती, तुरुंग भरलेले होते, हे विसरून चालणार नाही. पण पोलादाच्या बाबतीत त्यांची नजर पक्की होती. आधी त्यांनी अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीशी बोलणी केली. तिचे तज्ज्ञ येऊन पाहणी करून गेले, अनुकूल अहवालही झाला, आणि जानेवारी १९४० मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. मार्चमध्ये वार्गास यांनी गिल्येर्मे गिन्ले यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलाद योजनेसाठी आयोग नेमला. जर्मनीची क्रुप कंपनी भांडवल द्यायला तयार असल्याची कुजबुज वॉशिंग्टनपर्यंत पोचेल याचीही काळजी घेतली गेली. ११ जून १९४० रोजी, म्हणजे इटली युद्धात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, ‘मिनास जेराइस’ या युद्धनौकेवर वार्गास यांनी भाषण केले. जुन्या व्यवस्थेचे दिवस संपले, जोमदार राष्ट्रांनी पुढे यावे, असा त्याचा रोख होता. अमेरिकेत खळबळ उडाली. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या आयात-निर्यात बँकेने २ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि पुढे ते साडेचार कोटींपर्यंत वाढले. ईशान्य ब्राझीलचे विमानतळ अमेरिकेला युद्धासाठी हवे होते आणि ब्राझीलला भट्टी हवी होती. या सौद्यात वार्गास यांनी आपल्या बाजूची किंमत पुरेपूर वसूल केली असेच मी म्हणेन.

तांत्रिक बाजू एदमुंदो दे मासेदो सोआरेस या लष्करी अभियंत्याकडे होती. तरुणपणी १९२० च्या दशकातल्या लष्करी बंडात सापडलेला, परागंदा होऊन फ्रान्समध्ये धातुविद्या शिकलेला हा माणूस या कारखान्याचा खरा शिल्पकार. क्लीव्हलंडच्या मॅकी कंपनीने आराखडे केले आणि यंत्रे अमेरिकेतून आली. पण काय बनवायचे, किती बनवायचे, कोळशाचे मिश्रण कसे ठेवायचे हे निर्णय मासेदो सोआरेस आणि त्यांच्या ब्राझिलियन सहकाऱ्यांचे होते.

जागेची निवड हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. खनिज मिनासच्या डोंगरात, कोळसा हजार किलोमीटर दक्षिणेला सांता कातारिनात, आणि गिऱ्हाईक रिओ व साओ पावलोत. समुद्रकाठी काढावा तर पाणबुड्यांच्या तोफांच्या टप्प्यात, मिनासमध्ये काढावा तर कोळसा डोंगर चढवत न्यायचा. व्होल्टा रेडोंडा हे बार्रा मान्सा तालुक्यातले खेडे मध्यावर होते. सेंट्रल रेल्वेचा रुंद मार्ग त्याच्या दारातून जात होता आणि नदीला बारमाही पाणी होते. एके काळी या खोऱ्यात कॉफीचे मळे होते. गुलामांच्या श्रमावर पिकवलेली, जमीन धुपवून टाकणारी ती शेती १९४० पर्यंत पार मोडीत निघाली होती आणि उघड्या टेकड्यांवर गुरे चरत होती. रिओ राज्याचा कारभार वार्गास यांचे जावई एर्नानी दो अमाराल पेइशोतो यांच्या हाती होता आणि त्यांनी जोर लावला हेही खरे. तरी निव्वळ हिशेबानेही ही जागा वाईट नव्हती.

बांधकामासाठी माणसे आली ती बहुतांश मिनासच्या गावांतून, रेल्वेच्या डब्यांत भरून. त्यांना ‘आरिगो’ म्हणत. शेतमजूर, अनवाणी, बरेचसे निरक्षर. पाया खणायला आलेल्या या माणसांतल्याच काहींच्या हाती पुढे भट्टीच्या झडपा आणि रोलिंग मिलचे खटके आले. कंपनीने १९४० च्या दशकातच तांत्रिक विद्यालय काढले. पांदिया कालोजेरास यांचे नाव दिलेल्या त्या शाळेतून फिटर, इलेक्ट्रिशियन, मिलचालक यांच्या पिढ्या तयार झाल्या. कारखान्याच्या कामगिरीबद्दल बोलताना आपण भट्टीचे घनफळ सांगतो, मिलची अश्वशक्ती सांगतो. अनवाणी आलेल्या माणसाच्या मुलाने पंधरा वर्षांत पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या शतांश भागापर्यंत सांभाळायला शिकणे, ही कामगिरी मला त्यांहून मोठी वाटते.

गावाची आखणी अतिलिओ कोर्रेआ लिमा या नामवंत नगररचनाकाराने केली. अभियंत्यांची घरे लारांजालच्या टेकडीवर, तंत्रज्ञ आणि दुकानदारीची वस्ती सांता सेसिलियात, कामगारांच्या चाळवजा ओळी कोंफोर्तो भागात. घर कंपनीचे, दवाखाना कंपनीचा, दूध कंपनीच्या गोठ्याचे, क्लब कंपनीचा. ‘पोलादी कुटुंब’ हा शब्द कंपनीच्या भाषणांत सतत येई. कुटुंबात माया होती आणि धाकही होता. नोकरी गेली की घर जाई. जमशेदपूर पाहिलेल्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

युद्धामुळे यंत्रे रखडत आली. १९४२ मध्ये ब्राझील स्वतः युद्धात उतरला. अखेर एप्रिल १९४६ मध्ये कोक भट्ट्या सुरू झाल्या आणि जूनमध्ये पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली. त्याच महिन्यात पहिले पोलाद ओतले गेले. ऑक्टोबरमधल्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष दुत्रा होते आणि मासेदो सोआरेस त्यांच्या मंत्रिमंडळात होते. वार्गास यांना वर्षभरापूर्वीच लष्कराने पदच्युत केले होते. सुरुवातीची क्षमता वर्षाला सुमारे २ लाख ७० हजार टन पोलादाची. आज हा आकडा लहान वाटतो, पण त्या दिवशी देशाची क्षमता एका झटक्यात दुप्पट-तिपटीच्या वाटेवर आली.

कोळशाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवे, कारण पहिल्या चाळीस वर्षांतल्या या कारखान्याच्या कामगिरीची किल्ली तिथे आहे. सांता कातारिनाचा कोळसा कोक होतो, पण त्यात राख भरमसाठ आणि गंधकही बरेच. खाणीतून निघालेला माल तुबारांवजवळ कापिवारी येथे कंपनीने उभारलेल्या धुलाई केंद्रात येई. तिथे धुऊन त्याचे दोन-तीन प्रतीचे भाग होत. कोकसाठी जाणारा भाग वेगळा निघे, जास्त राखेचा भाग वीजकेंद्राला जाई, आणि उरलेल्या पायराइटयुक्त दगडाचे ढिगारे तिथेच पडून राहत. धुतल्यावरही राख अमेरिकन कोळशाच्या दुपटीहून जास्त उरे. म्हणून तो आयात कोळशात मिसळावा लागे. किती मिसळायचा हे धातुशास्त्राइतकेच राजकारणही ठरवी. सांता कातारिनाच्या खाणी चालाव्यात म्हणून देशी कोळशाचा वाटा सरकारने बंधनकारक केला होता.

राखेचा परिणाम भट्टीवर काय होतो हे झरिया-बोकारोचा कोळसा वापरलेल्या आपल्या अभियंत्यांना ठाऊक आहे. राख वितळवायला जास्त चुनखडी लागते. चुनखडी जास्त म्हणजे मळी जास्त. मळी जास्त म्हणजे ती तापवायला कोक जास्त, आणि त्या कोकबरोबर पुन्हा राख. हे चक्र एकदा फिरू लागले की टनामागे कोकचा खप वाढतो आणि त्याच भट्टीतून दिवसाला निघणारे लोखंड घटते. तेव्हा परदेशी अहवालांत व्होल्टा रेडोंडाच्या भट्टीची कामगिरी अमेरिकेच्या मापाने मोजून कमी भरली, तरी दोष भट्टीवरच्या माणसांचा नव्हता. उलट खनिजाच्या बाजूने त्यांच्याकडे खरे वैभव होते. कोंगोन्यासजवळची कासा दे पेद्रा खाण कंपनीच्या मालकीची झाली. तिथले हेमटाइट उच्च प्रतीचे आहे आणि रेल्वेने सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. चांगले खनिज आणि वाईट कोळसा यांची सांगड घालत, मिश्रण दर महिन्याला बदलत या लोकांनी काम केले. १९९० मध्ये देशी कोळशाची सक्ती उठली, कंपनीने पूर्णपणे आयात कोळसा घेतला आणि भट्ट्यांची उत्पादकता लगेच सुधारली. त्याच वेळी सांता कातारिनाच्या खाणपट्ट्यात कोकसाठीच्या कोळशाचा बाजार बसला आणि खाणकामगारांची गावे ओस पडू लागली. कारखान्याच्या ताळेबंदात हे दुसरे वाक्य येत नाही. इतिहासात यायला हवे.

पहिली वाढ वेगाने झाली. १९५४ मध्ये दुसरी ब्लास्ट फर्नेस आली. त्याच वर्षी १७ जुलैला व्होल्टा रेडोंडाला स्वतंत्र नगरपालिका मिळाली आणि पुढच्या महिन्यात, पुन्हा निवडून आलेल्या वार्गास यांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात स्वतःवर गोळी झाडून घेतली. कारखान्याला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. १९६० च्या सुमारास उत्पादन वर्षाला दहा लाख टनांच्या पातळीवर पोचले. इथला पत्रा मिळू लागला म्हणून साओ पावलोच्या मोटार कारखान्यांना पाय रोवता आले. टिनपत्र्यात तर सीएसएन हीच देशातली एकमेव उत्पादक राहिली. तेलाचा, टोमॅटोचा, दुधाच्या भुकटीचा डबा साऱ्या देशात इथल्याच पत्र्याचा.

पण हे पोलाद शिजत होते जुन्या पद्धतीच्या सीमेन्स-मार्टिन भट्ट्यांत. तिथे एका ओतणीला आठ-दहा तास लागत. ऑस्ट्रियात निघालेल्या एलडी कन्व्हर्टरमध्ये वितळलेल्या लोखंडावर शुद्ध ऑक्सिजन सोडला की तेच काम पाऊण तासात होते. देशातले नंतरचे कारखाने एलडी घेऊनच जन्मले. जपानी भागीदारीतून मिनासमध्ये इपातिंगाला निघालेली उझिमिनास हे त्यांतले ठळक उदाहरण, तिचे उद्घाटन १९६२ मध्ये झाले. थोरल्या भावाला मात्र १९७० च्या दशकातल्या ‘डी योजने’पर्यंत थांबावे लागले. त्या योजनेत १९७६ मध्ये तिसरी, प्रचंड ब्लास्ट फर्नेस आली. एलडी कन्व्हर्टर आले, अखंड ओतकाम आले. क्षमता ४६ लाख टनांकडे निघाली. लष्करी राजवट होती, परदेशी कर्ज स्वस्त होते आणि सरकारी पोलाद कंपन्या १९७३ पासून सिदेरब्रास या एकाच छत्राखाली होत्या.

पुढे व्याजदर भडकले. सरकारने महागाई रोखण्यासाठी पोलादाचे भाव दाबून धरले. मोटार कंपन्यांना पत्रा स्वस्त मिळाला आणि तोटा सीएसएनच्या वहीत जमा झाला. नव्या भट्ट्यांचे हप्ते डॉलरमध्ये, विक्री रोज घसरणाऱ्या चलनात. १९८० च्या दशकात सरकारी कारखाना म्हणजे अकार्यक्षम, असे ब्राझीलमध्ये सर्रास बोलले जाऊ लागले. वीस हजारांहून अधिक माणसे पटावर होती आणि त्यांत वशिल्याची भरतीही होती, हे खरे. तरी भाव दाबणारा आणि तोट्याबद्दल दोष देणारा एकच असेल, तर त्या ताळेबंदावरून कारखान्याची योग्यता ठरवता येत नाही. आपल्याकडे सरकार पोलादाचे भाव ठरवत होते त्या काळातला अनुभव वेगळा नव्हता.

१९८८ च्या नोव्हेंबरमध्ये जे घडले ते कुठल्याही स्मरणिकेत दोन ओळींत उरकण्यासारखे नाही. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला ब्राझीलची नवी लोकशाही राज्यघटना अमलात आली. अखंड फिरत्या पाळ्यांत काम करणाऱ्यांसाठी सहा तासांची पाळी तिने हक्क म्हणून लिहिली होती. ब्लास्ट फर्नेस बंद होत नाही, कोक भट्ट्या थंड होऊ देता येत नाहीत, म्हणून पोलादाचा कामगार एका आठवड्यात सकाळी, पुढच्यात रात्री असा आयुष्यभर फिरतो. त्याच्यासाठी आठाचे सहा तास म्हणजे झोप होती, मुलाबाळांचे तोंड दिसणे होते. व्होल्टा रेडोंडाच्या कामगारांनी ७ नोव्हेंबरला संप पुकारून कारखान्याचा ताबा घेतला. सहा तासांची पाळी, महागाईने खाल्लेल्या पगाराची भरपाई आणि काढून टाकलेल्यांना परत घेणे, या मागण्या होत्या. ९ नोव्हेंबरच्या रात्री लष्कर आत घुसले. विल्यम फेर्नांदेस लेइते, वाल्मिर फ्रेइतास मोन्तेइरो आणि कार्लोस आउगुस्तो बार्रोसो हे तीन कामगार मारले गेले. सर्वांत धाकटा एकोणीस वर्षांचा होता, थोरला सत्तावीस.

त्यानंतरही संप मोडला नाही. बिशप दों वाल्दिर काल्येइरोस कामगारांच्या बाजूने ठाम उभे राहिले. २२ नोव्हेंबरला गावातल्या हजारो लोकांनी हातात हात गुंफून साऱ्या कारखान्याला कडे केले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तडजोड झाली आणि सहा तासांची पाळी मान्य झाली. मधल्या काळात, १५ नोव्हेंबरला, देशभर नगरपालिकांच्या निवडणुका होत्या. साओ पावलोसारख्या महानगरात लुइझा एरुंदिना यांच्या रूपाने कामगार पक्ष अनपेक्षितपणे जिंकला, त्याला व्होल्टा रेडोंडाच्या गोळीबाराचा संताप हे एक कारण मानले जाते. व्होल्टा रेडोंडात कामगारनेते जुआरेस आंतुनेस नगराध्यक्ष झाले आणि फेब्रुवारीत रस्त्यावरच्या अपघातात गेले. मृत कामगारांचे स्मारक ऑस्कर निमायर यांनी आखले. १ मे १९८९ ला त्याचे अनावरण झाले आणि त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास, ते बॉम्बने उडवले गेले. निमायर यांच्या इच्छेनुसार ते तडे तसेच दाखवत पुन्हा उभे केले आहे.

या कारखान्यावरच्या अनेक आर्थिक अहवालांत १९८८ ची नोंद ‘उत्पादनात खंड’ एवढीच आढळते. माझ्या मते तिथूनच कारखाना आणि गाव यांचे नाते बदलले. कंपनीने घरे कामगारांना विकून टाकायला आणि गावच्या सोयी नगरपालिकेकडे सोपवायला १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातच सुरुवात केली होती. ‘पोलादी कुटुंब’ कागदावर केव्हाच संपले होते. पण लोकांच्या मनात कारखाना आपला होता. आपल्याच कारखान्याच्या आवारात आपल्याच सरकारच्या सैन्याने गोळी घातल्यावर तो भाव उरला नाही, आणि पाच वर्षांनी विक्री झाली तेव्हा विरोध दुबळा होता. खुद्द कामगार संघटना त्या प्रश्नावर दुभंगली.

विक्री २ एप्रिल १९९३ रोजी रिओच्या शेअर बाजारात लिलावाने झाली. देशातल्या मोठ्या सरकारी कंपन्यांपैकी उझिमिनास आधीच, ऑक्टोबर १९९१ मध्ये, खासगी झाली होती. सीएसएनमध्ये कापडउद्योगातून आलेला विकुन्या समूह पुढे प्रबळ ठरला आणि बेंजामिन स्टाइनब्रुक यांच्या हाती सूत्रे आली. विक्रीच्या आधीपासूनच हजारोंची कपात झाली होती, नंतर ती चालूच राहिली. उत्पादन मात्र वाढत ५० लाख टनांपलीकडे गेले. दरमाणशी टनांचा आकडा काही पटींनी सुधारला आणि भागधारकांच्या सभांत तो अभिमानाने सांगितला गेला. तो खोटा नाही. पण त्या सुधारणेतला मोठा भाग १९७० च्या दशकात सरकारी पैशाने बसवलेल्या तिसऱ्या ब्लास्ट फर्नेसचा, आयात कोळशाचा, आणि बाहेरच्या ठेकेदारांकडे गेलेल्या, म्हणून पटावर न दिसणाऱ्या कामगारांचाही आहे, हे त्याच्या शेजारी लिहायला हवे.

एक गोष्ट मला विशेष लागते. हा कारखाना काढताना देशाला सर्वांत आधी हवे होते ते रेल्वेचे रूळ. १९९० च्या दशकात रूळ बनवणे परवडत नाही म्हणून ते बंद केले गेले. जगातले उत्तम खनिज बोटींनी बाहेर पाठवणारा ब्राझील आज आपले रूळ परदेशातून आणतो, आणि त्याच रुळांवरून ते खनिज बंदराकडे जाते.

नव्या मालकीच्या महत्त्वाकांक्षा मोठ्या होत्या. मे १९९७ मध्ये व्हाले ही महाकाय खाण कंपनी खासगी झाली, तेव्हा ती घेणाऱ्या गटाचे नेतृत्व सीएसएनकडे होते. काही वर्षांनी दोघींनी एकमेकींतला हिस्सा सोडवून घेतला. जानेवारी २००६ मध्ये मोठा आघात झाला. तिसऱ्या ब्लास्ट फर्नेसच्या धूळसंकलन यंत्रणेत अपघात होऊन ती काही महिने बंद पडली. एकाच भट्टीवर बहुतांश उत्पादन बेतले असले की काय होते ते दिसले. २००५ मधले ५२ लाख टन उत्पादन २००६ मध्ये ३५ लाखांवर आले. मोठ्या भट्टीचा टनामागचा खर्च कमी असतो, हा नियम कारखाने आखताना आपण पाठ म्हणून शिकतो. पण त्या नियमाची दुसरी बाजू अशी की त्या वर्षी व्होल्टा रेडोंडाने दुसऱ्यांकडून स्लॅब विकत घेऊन आपल्या रोलिंग मिल चालवल्या.

तरीही त्याच वर्षाच्या शेवटी सीएसएन युरोपातली कोरस ही पोलाद कंपनी विकत घ्यायला निघाली आणि तिथे तिची गाठ मुंबईशी पडली. टाटा स्टीलने ऑक्टोबरमध्ये शेअरला ४५५ पेन्स देऊ केले होते. सीएसएनने ४७५ सुचवले, टाटांनी ५०० केले, दुसऱ्याच दिवशी सीएसएनने ५१५. शेवटी ब्रिटनच्या नियामकांनी बंद लिफाफ्यांच्या फेऱ्यांचा लिलाव ठरवला. ३१ जानेवारी २००७ च्या पहाटे निकाल लागला, तेव्हा टाटांचा भाव ६०८ पेन्स होता आणि सीएसएनचा ६०३. मुंबईच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी केवढा जल्लोष होता. तो स्वाभाविक होता. १९०७ मध्ये मुंबईत नोंदलेल्या कंपनीने ब्रिटिश पोलाद घेतले होते. पण दीड वर्षात मंदी आली, युरोपचे पोलाद वर्षानुवर्षे तोट्यात गेले, २०१६ मध्ये स्कन्थॉर्पचा कारखाना नाममात्र एका पौंडाला द्यावा लागला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट टॅलबटची शेवटची ब्लास्ट फर्नेस विझली. पाच पेन्सांनी हरलेली सीएसएन त्या ओझ्यातून वाचली. तिने लक्ष खनिज निर्यातीकडे आणि सिमेंटकडे वळवले. कासा दे पेद्राचे खनिज पाराइबाकाठच्या भट्टीपेक्षा आता इतागुआई बंदराकडे जास्त जाते, आणि पोलाद कंपनीचा नफा पुष्कळदा खाणीतून येतो.

साऱ्या ब्राझीलचे चित्र पाहिले तर एक आकडा डोळ्यांत भरतो. १९८० मध्ये ब्राझीलने १ कोटी ५३ लाख टन पोलाद बनवले आणि भारताने ९५ लाख. २००० मध्ये दोघे जवळजवळ बरोबरीत होते, ब्राझील २ कोटी ७९ लाख आणि भारत २ कोटी ६९ लाख. २०२३ मध्ये भारत १४ कोटींवर गेला आणि ब्राझील ३ कोटी १९ लाखांवर थांबला होता. तिथला माणशी खप १९८० मध्ये शंभर किलोच्या आसपास होता आणि आजही त्याच्या आगेमागेच आहे. कारखाने वाईट आहेत म्हणून हे घडले नाही. युकॅलिप्टसची लागवड करून त्याच्या कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या आजही मिनासमध्ये आहेत, आणि कर्ब कमी करण्याच्या चर्चेत जग त्यांच्याकडे आदराने पाहते. तुबारांव (सांता कातारिनातले नव्हे, दुसरे) आणि पेसें इथले किनाऱ्यावरचे कारखाने जगात कुठेही स्लॅब विकू शकतात. अडले आहे ते देशातल्या मागणीत. रेल्वे, पूल, घरे, यंत्रे यांत चाळीस वर्षे जी गुंतवणूक व्हायला हवी होती ती झाली नाही. त्यात चीनचा स्वस्त पत्रा आला. जून २०२४ मध्ये ब्राझीलने काही प्रकारच्या पोलादावर ठरावीक कोट्यापलीकडे २५ टक्के आयातशुल्क लावले. पण शुल्काने गिऱ्हाईक तयार होत नाही.

व्होल्टा रेडोंडा आज अडीच लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे. कारखाना त्याच्या मधोमध आहे, कारण शहरच त्याच्याभोवती वाढले. कंपनीच्या जुन्या जमिनींचे मोठे तुकडे विक्रीबरोबर खासगी मालकाकडे गेले आणि त्यांवरून नगरपालिकेचे, रहिवाशांचे वाद चालू राहिले. सर्वांत कळीचा प्रश्न धुळीचा. सिंटर विभागातून आणि उघड्या साठ्यांवरून उडणारी काळी भुकटी खिडक्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, मुलांच्या छातीत बसते. २०२३ च्या हिवाळ्यात, पाऊस नसलेल्या महिन्यांत, तिथले लोक रस्त्यावर उतरले होते. राज्याच्या पर्यावरण खात्याशी कंपनीचे सुधारणा-करार झाले आहेत, मुदती वाढत गेल्या आहेत. नदीची गोष्टही तितकीच गंभीर, कारण व्होल्टा रेडोंडाच्या खालच्या अंगाला सांता सेसिलिया याच नावाच्या पंपकेंद्रावर पाराइबाचे पाणी उचलून गुआंदूत सोडले जाते आणि रिओ महानगराचे लक्षावधी लोक तेच पितात.

सिंटरची धूळ पकडणारे विद्युत अवक्षेपक, साठ्यांवरची आच्छादने, पाण्याचा बंद फेरा हे काही नवे शोध नाहीत. जगातल्या कित्येक कारखान्यांत ते बसलेले आहेत आणि आपल्याकडेही बसत आहेत. १९४१ मध्ये खेड्यात कारखाना उभारताना ब्राझीलने यापेक्षा फार अवघड काम हाती घेतले होते. खाणीतून मिळणाऱ्या आजच्या नफ्यातला पहिला वाटा या यंत्रणांवर खर्च व्हायला हवा, आणि रोलिंग मिलच्या पुढच्या विस्ताराआधी व्हायला हवा.